मापाड्याचं वजन

सिल्लोडच्या बाजारात मका मोजता मोजता सांडूअण्णांचे केस पिकले. मापाडी माणूस, काट्यावर आकडा आला की तो देवाचा शब्द. गळ्यातल्या गाठी लिम्फोमाच्या, म्हणजे एका जातीच्या कॅन्सरच्या निघाल्या, किमोनं एकदा हटल्या, पुन्हा उगवल्या, तरी अण्णांचा सगळा धीर काट्यावर होता. वजन घटलं नव्हतं, उलट चांगलं वाढलं होतं!

वाढणारच. उपचारासाठी मुक्काम शहरात, गारखेड्याला लेकीच्या, मेघाच्या घरी. बायको भागूबाई त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घेऊ देत नसत. आपल्याकडं आजाऱ्यानं आजाऱ्यासारखं दिसावं लागतं. तो खाटेवर आडवा नसला, तर भेटायला आलेल्यांना हेलपाटा वाया गेल्यासारखं वाटतं. थोरली बहीण आवडाबाई तर तुपातल्या लाडवांचे डबे घेऊन यायच्या. भाऊ गुबगुबीत झाला म्हणून त्यांनी त्याची दृष्टही काढली.

दवाखान्यात मात्र गाडं अडलं. अण्णांच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवायच्या, जबर औषधानं रोग जाळायचा आणि मग त्या पेशी परत अंगात सोडायच्या, असं ठरलं होतं. त्याआधी डॉक्टर संध्या म्हणाल्या, "अण्णा, हात न टेकता खुर्चीवरून उठा बरं." अण्णांनी दोनदा जोर केला आणि दोन्ही वेळा धपकन खाली बसले.

"पण माझं वजन तर वाढलंय की!" ते चिडून म्हणाले.

"वाढली ती चरबी. मांस झडलंय." डॉक्टरांनी स्कॅनमधले पाठीचे बारीक झालेले स्नायू दाखवले. "एवढं कडक औषध अशा अंगाला झेपणं अवघड. ज्यांचं मांस टिकून असतं, ते यातून तरून जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या किमोनं रोग सध्या दबलाय. तो पुन्हा डोकं वर काढायच्या आत ताकद कमवा, मग बघू."

ओली मका काट्यावर भरपूर भरते आणि गोदामात कुजते, हे अण्णांना कुणी सांगायला नको होतं. जन्मभर दुसऱ्याच्या पोत्यात हात घालून ओल ओळखली आणि स्वतःचं पोतं कळलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. रिक्षात ते बायकोला म्हणाले, "मेघाची माय, उद्यापासून माझं पाणी मीच भरणार. आडवी आली तर बघ."

भागूबाईंनी मान हलवली खरी, पण जीव तीळतीळ तुटत होता. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलेली ऊठबस सुरू झाली. ताटात लाडवांच्या जागी अंडी, मटकी, दही आलं. खालच्या नळावरून कळशी भरून आणायची, ती जिन्यानं वर न्यायची. दम लागला की अण्णा जिन्याला शिव्या देत, पण चढत.

अशात आवडाबाई आल्या. बघतात तर भाऊ कळशी घेऊन जिना चढतोय आणि भावजय वर उभी! त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "माणूस मरणाच्या दारात हाय, अन् ही त्याला पाणी भराया लावती! लाज हाय का नाय?" भागूबाईंच्या डोळ्यांना धार लागली, पण त्यांनी कळशीला हात लावला नाही.

"अक्का, तिला बोलू नको," अण्णा धापा टाकत म्हणाले. "लई निजवलं तुम्ही मला. आता चालू द्या."

आवडाबाई फणकाऱ्यानं निघून गेल्या. भावजयीशी बोलणं बंद.

पुढच्या तपासणीला अण्णा हात छातीशी बांधून उठले, बसले, पुन्हा उठले. "खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण आता करूया."

भरती व्हायच्या सकाळी आवडाबाई आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. अण्णांनी गुडघे टेकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना मांड्या थरथरायला लागल्या. बहिणीचा हात आपसूक पुढं गेला, तो भागूबाईंनी मधेच धरला. "ऱ्हाऊ द्या अक्का. उठतेत ते."

अण्णा उठले. सावकाश, कुठंही हात न टेकता.

आवडाबाईंनी भावजयीचा हात काही सोडला नाही. "धर गं मला," त्या म्हणाल्या, "माझंच पाय लटपटाया लागलेत."