गटचर्चेसाठी वर्ध्याला

मिरज स्टेशनवर बाबांनी माझी बॅग फळीवर चढवली, खिडकीची जागा मिळवून दिली आणि गाडी हलेपर्यंत ते फलाटावर उभे राहिले. "लेखी परीक्षा पास झालीस, आता नुसतं बोलायचंय," ते म्हणाले. मी मान हलवली. त्या नुसत्या बोलण्याच्या धास्तीने आठवडाभर मला जेवण गेलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बँकेत अधिकारी म्हणून लागायचं तर लेखी परीक्षेनंतर गटचर्चा द्यावी लागे. आठ-नऊ उमेदवारांना गोलात बसवून एक विषय देत. वीस मिनिटं त्यांनी आपसांत बोलायचं आणि परीक्षकांनी मागे बसून गुण द्यायचे. आदल्या वर्षी पुण्यात मी अशा चर्चेला बसले होते आणि वीस मिनिटांत एक शब्दही बोलले नव्हते. वाक्यं तयार होती. कोणीतरी थांबेल म्हणून मी वाट पाहत राहिले आणि कोणीच थांबलं नाही. घरी मात्र सांगितलं की चांगलं बोलले, पण निवड झाली नाही. या वेळी मी मुद्दाम नागपूर केंद्र मागून घेतलं. वर्ध्याला आत्या होती आणि तिच्या माहितीतले एक निवृत्त प्राध्यापक पवनारला उमेदवारांची तयारी करून घेत.

दुसऱ्या दिवशी बडनेरा मागे पडलं तशी जमीन काळी आणि सपाट होत गेली. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या भिंती इथे नव्हत्या. दूरवर कपाशी फुटलेली होती आणि कमरेला ओटी बांधलेल्या बायका वाकून कापूस वेचत होत्या. डिसेंबरचं ऊन असूनही खिडकीतून गार वारा येत होता. माझं लक्ष मात्र स्टेशनांकडे. वर्धा निघून गेलं तर, या भीतीने मी तासभर आधीच बॅग मांडीवर घेऊन बसले होते. गाडी थांबली, डब्यातली बरीच माणसं उठली, त्यांच्यामागून मीही उतरले. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली. पुलगाव.

कोणाला विचारावं तर तोंड उघडेना. फलाटावर लष्करातले काही जवान ट्रंकांवर बसले होते, त्यांना विचारायची हिंमत नव्हती. तिकीट खिडकीतल्या बाबूला विचारायचं वाक्य मी तीनदा मनात जुळवलं आणि तीनदा खिडकीपासून परत फिरले. गिरणीचा भोंगा झाला तशी मी दचकले. शेवटी फलाटावर संत्री विकणाऱ्या बाईनेच मला हाक मारली.

"काऊन उभी राह्यली वं बाई इतक्या वेळची? कुठं जाऊन राह्यली?"

(काऊन म्हणजे का.) मी म्हटलं, "वर्ध्याला. चुकून उतरले."

"मंग विचाराचं ना. बाहेर यष्टी लागली असन. जाय लवकर."

एवढं साधं होतं ते. एस.टी.त बसल्यावर मला रडू आलं. फलाटावर ज्या मुलीला रस्ता विचारता येत नाही, ती आठ अनोळखी माणसांत काय बोलणार होती?

वर्ध्याला आत्याने गेल्यागेल्या गरम पाणी दिलं आणि सोलेभात (ओल्या तुरीचे दाणे घातलेला भात) वाढला, वर कढवलेलं तेल. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळच्या बसने पवनारला जाऊ लागले. त्या निवृत्त प्राध्यापकांचं, देशकर सरांचं, घर धाम नदीच्या अलीकडे होतं. अंगणातून पात्रातले काळे खडक दिसत आणि पलीकडे आश्रमाच्या शेतात बायका निंदताना (तण काढताना) दिसत. तिथून कधी कधी भजनाचे सूर यायचे. इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती, आणि रोज बस तिथे थांबली की मी सगळ्यांत शेवटी उतरायचे.

अंगणात चटईवर आम्ही तिघं असू. मी, पुलगावच्या गिरणीतल्या टाइमकीपरचा मुलगा प्रभाकर, आणि हिंगणीची शालू ठाकरे. प्रभाकरची चर्चा दुसऱ्या तारखेला होती. शालूची आणि माझी एकाच दिवशी, एकाच गटात. शालू शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. मराठीत बोलायला लागली की थांबायची नाही. हिंदीही तिचं सफाईदार, कारण नागपूरकडे ती कानावर असतेच. इंग्रजीत मात्र ती अडखळायची.

सर मनगटावरचं घड्याळ काढून चटईवर ठेवत आणि विषय सांगत. पहिल्या दिवशी मी पुण्यातल्यासारखीच गप्प राहिले. सर रागावले नाहीत. म्हणाले, "सगळे गप्प झाले की बोलेन असं ठरवलंत, तर वीस मिनिटांत ती वेळ येणार नाही. समोरच्याचं वाक्य संपत आलं की श्वास घ्यायचा आणि त्याचाच शेवटचा शब्द उचलून सुरू व्हायचं."

ते मला जमेना. श्वास घेईपर्यंत प्रभाकर सुरू झालेला असे. चौथ्या दिवशी शालूने त्याला हाताने थांबवलं.

"थांब ना रे बापू. तिले काही सांगाचं हाये."

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि मला बोलावंच लागलं. अडखळत का होईना, पण बोलले. आम्ही निघताना सर आम्हा दोघींना म्हणाले, "तिथेही असंच करा. एक अडली की दुसरीने तिला जागा करून द्यायची. परीक्षकांना ते आवडतं, आणि माणूस म्हणूनही ते बरं दिसतं." आम्ही दोघींनी कबूल केलं.

मधल्या रविवारी शालू मला हिंगणीला घेऊन गेली. सेलूनंतर रस्त्याला सागाची झाडं लागली आणि बोर धरणाच्या बाजूचं जंगल दिसू लागलं. तिच्या आईने चुलीवर वांगी भाजून भरीत केलं होतं, ज्वारीची भाकर, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. मला ठसका लागला तेव्हा सगळं घर हसलं. जेवणानंतर आम्ही त्यांच्या वावरात (शेतात) गेलो. झाडीच्या कडेला मी थबकले. शालूचे वडील गणपतराव म्हणाले, "वाघ हाये जी तिकडे, पन दिवसा नाई येत. त्याले आपलंच भेव जास्त."

"तुम्हाला कशाचं भेव वाटतं?" मी विचारलं. (भेव म्हणजे भीती.) एवढा सहज प्रश्न मी परक्या माणसाला कधी विचारला नव्हता.

"बँकेचं," ते म्हणाले. "सेलूले गेलतो मी एक डाव. काचेमांगं साहेब बसला होता. तो काही बोलला नाई, नुसता पाह्यत राह्यला. कागद उलटा धरला का सुलटा, हे बी मले समजेना. मी तसाच वापस आलो. आमच्या गावातले अर्धे लोक असेच दारातून वापस येते. म्हनून म्हनतो, आपली पोट्टी त्या काचेमांगं बसली पाह्यजे."

शालूने मान खाली घातली. परतताना बांधावर मी तिला पुण्याची खरी गोष्ट सांगितली, घरी मारलेल्या थापेसकट. ती म्हणाली, "मी हाये ना तुह्यासंगं. भेऊ नको."

चर्चेच्या दिवशी वर्ध्याहून सकाळच्या पॅसेंजरने आम्ही नागपूरला गेलो. शालूने आईची निळी साडी नेसली होती. माझे हात इतके गार पडले होते की तिने ते सबंध प्रवासभर आपल्या हातात धरून ठेवले. सिंदी, बुटीबोरी, एकेक स्टेशन जात होतं आणि मला वाटत होतं, गाडी कुठेतरी बिघडावी.

खोलीत आठ खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. मी पाच नंबर, शालू सात. मागे तीन परीक्षक बसले होते. हिंदी किंवा इंग्रजी, कोणतीही भाषा चालेल, असं त्यांनी सांगितलं. विषय होता, खेड्यांत बँकेच्या शाखा वाढवाव्यात का. शालूचा चेहरा उजळलेला मी पाहिला. तिच्याइतकं त्यातलं कळणारं त्या खोलीत कोणी नव्हतं.

टाय लावलेल्या एका मुलाने इंग्रजीत सुरुवात केली, मग दुसऱ्याने, मग सगळेच इंग्रजीत. सात-आठ मिनिटं गेली. पुन्हा पुणे होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात शालू हिंदीत मोठ्याने म्हणाली, "पाच नंबर को भी बोलने दीजिए. वो कुछ कहना चाहती हैं."

सगळे माझ्याकडे वळले. मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते गणपतरावांचं होतं. काचेमागचा माणूस, उलटा धरलेला कागद, दारातून परत जाणारं अर्धं गाव. शाखा काढून भागत नाही, त्या शाखेत बोलणारा माणूस हवा, असं मी इंग्रजीत म्हणाले. परीक्षकांपैकी एकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. ते मला दिसलं.

मग शालू बोलायला लागली. दोन वाक्यं झाली असतील, टायवाल्याने तिला तोडलं. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा दुसऱ्याने तोडलं. तिने इंग्रजीत प्रयत्न केला आणि मध्येच शब्द सापडेनासा झाला. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं, सात नंबरला पूर्ण करू द्या. पण मला वाटलं, आता थांबले तर पुन्हा सुरू होता येणार नाही. मी श्वास घेतला, सरांनी शिकवल्याप्रमाणे समोरच्याचा शेवटचा शब्द उचलला आणि स्वतःचंच बोलत राहिले. माझी नजर परीक्षकाच्या पेनावर होती. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हाही मी बोलत होते. शालू त्यानंतर काही बोलली नव्हती.

परतीच्या गाडीत तिने संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं.

"चांगली बोलली तू," ती म्हणाली.

"तुझ्या बाबांचं मी…"

"हाव. आयकलं मी."

वर्ध्याला स्टँडवर हिंगणीची बस लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली आणि हात हलवला. मीही हलवला. दुसऱ्या दिवशी आत्याने दिलेला गोरसपाकाचा (तुपातल्या खुसखुशीत बिस्किटांचा) पुडा घेऊन मी मिरजेच्या गाडीत बसले. या वेळी मी येणाऱ्याजाणाऱ्याला बेधडक स्टेशन विचारत होते. भीती गेली होती, आणि तिच्या जाण्याचा मला जराही आनंद होत नव्हता.

तीन महिन्यांनी माझं निवडपत्र आलं. आत्याच्या पत्रातून कळलं, शालूचं आलं नाही. मी तिला लांबलचक पत्र लिहिलं, त्या खोलीत काय झालं, मी का थांबले नाही, सगळं. उत्तर म्हणून एक कार्ड आलं. गावच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागल्याचं तिने लिहिलं होतं. खाली होतं, "तू मले पाह्यलं होतं हे मले मालूम हाये. मी तुह्या जागी असती तर काय केलं असतं, ते मले सांगता येत नाई. बाबा तुही आठवन काढते. हिंगणीले येजो."

लोक मला वर्ध्याच्या प्रवासाबद्दल विचारतात तेव्हा मी धामच्या काठाबद्दल, सोलेभाताबद्दल, पुलगावला चुकून उतरल्याबद्दल सांगते. ते सगळं खरंच आहे. बँकेत काचेमागे बसून मला आता बरीच वर्षं झाली. कोणी कागद हातात धरून घुटमळताना दिसला की मी उठून बाहेर जाते आणि आधी बोलते. पण हिंगणीला मी गेलेले नाही. दर वर्षी कपाशी फुटली की जायचं ठरवते, गाड्यांची वेळ पाहते, आणि गणपतराव अंगणात ‘या जी’ म्हणून उभे राहतील त्या क्षणाची मला भीती वाटते.