शकुआक्काने सोडलेला बांगडा

मालवणकडच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे घाटावरच्याला सांगून कळायचं नाही. दशरथच्या थोरल्या बहिणीने, शकुआक्काने, ते अकरा वर्षांपूर्वी केलं. दशरथने तेव्हा गोरेगावला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर नोंदवलं होतं. आक्काने गावच्या देवीपुढे हात जोडले. "माझ्या भावाचा मुंबैत हक्काचा घर होऊ दे. ता डोळ्यांनी बघीपर्यंत मी तोंडात मासो घालूचंय नाय."

अहो, बाईच्या अंगणातून समुद्र दिसतो! शेजारणीच्या तव्यावर बांगडा चुरचुरतोय आणि ही आपली वालीची भाजी कालवतेय. अकरा वर्षं.

इकडे इमारत चौथ्या मजल्यावर अडली आणि बिल्डर पळाला. दशरथ अंधेरीच्या एका ऑफिसात तीस वर्षं लिफ्ट चालवून रिटायर झाला, दिंडोशीला भाड्याने राहिला. गणपतीला गावी गेला की जो तो विचारायचा, "काय रे, घराचो ताबो गावलो?" किती वर्षं मान खाली घालणार? दोन वर्षांमागे तोंडातून निघून गेलं, "गावलो." एका शब्दाचं खोटं, पण त्याला टेकू लावता लावता माणूस आडवा झाला.

आणि आता बाहत्तर वर्षांची आक्का घर बघायला आली. शनिवारी सकाळी कुर्ला टर्मिनसला उतरली, हातात नारळाची पिशवी. दशरथने आदल्या दिवशीच दारावरची घरमालकाची पाटी काढून ठेवली होती. त्याची बायको मालन फणकारली होती, "देवाच्या कामात कसली नाटकं करताय? मी एक अक्षर बोलणार नाही. पण पाप तुमचं हां."

आक्काने उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, भिंतीवरून हात फिरवला आणि रडली. "दशरथा, माझो जीव निवलो रे. उद्या आयतवार. उद्या मासो खातलंय."

दशरथने आधी दार लोटून घेतलं. शेजारणी घोळक्याने आल्या तर? एखादी पटकन बोलली तर वाट लागली! म्हणून त्याने आक्काला घरात टिकूच दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी जुहू. रविवारी सकाळी मेट्रो, मग परत जुहू, नटांचे बंगले, पुन्हा किनारा. आक्काचे गुडघे बोलायला लागले. ती वाळूत बसकण मारून म्हणाली, "कोणाचे बंगले दाखवतंस मेल्या? तुझा घर बघलंय, माका पुरे."

तो पुढे पुढे चालत होता, तिच्याकडे न बघता. खरं सांगावं तर आक्का मरेपर्यंत मासा खाणार नाही. चौसष्टाव्या वर्षी त्याला कसलं घर होतंय आता! न सांगावं तर तिच्या अकरा वर्षांच्या नवसाला त्याने आपल्या हाताने बट्टा लावला. इकडे आड, तिकडे विहीर. 'खाऊ दे रे, म्हातारी आहे, देवी काय बघायला बसलीय?' असं त्याने मनाला तीन वेळा समजावलं. मन ऐकेना. देवी बघत नसेल, पण आक्का तर तिच्यावर विश्वास टाकून बसली होती ना.

दुपारी अंधेरीतल्या मालवणी खानावळीत दोघं समोरासमोर बसली. ताटं आली. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, एक अख्खा तळलेला बांगडा, सोलकढी, भात. आक्काने डोळे मिटून वास घेतला. हसली, चक्क पोरीसारखी. ताटाबाहेर घास काढून ठेवला, हात जोडले, देवीचं नाव घेतलं आणि बांगड्याच्या पाठीचा तुकडा अलगद मोडला.

तुकडा ओठांपाशी गेला.

"आक्का, थांब."

ती थांबली.

"ता घर माझा नाय. भाड्याचा आसा. माझी इमारत अर्धवट पडलीय, पूर्ण व्हायची नाही. मी खोटं बोललो."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी जास्तीची सोलकढी मागत होतं. आक्काने तुकडा ताटात परत ठेवला, बोटं पाण्याने धुतली, पदराला पुसली.

"दोन वर्षां बोललंस नाय?"

"लाज वाटली."

"माझी लाज? मी तुझी कोण रे? तुझ्यासाठी सोडलंय, तर माझ्यापासून लपवलंस?"

दशरथ टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. चारचौघांत, साठी उलटलेला माणूस. आक्काने त्याला गप्प केलं नाही. खानावळीच्या मालकाला हाक मारून तिने स्वतःसाठी साधा वरणभात मागवला. मग आपलं ताट दशरथपुढे सरकवलं.

"खा."

"आक्का, माझ्या घशाखाली..."

"अन्न टाकूचा नाय. खा म्हणतंय ना."

त्याने खाल्लं. एक तुकडा, दुसरा तुकडा. आक्का वरणभात कालवत होती, पण घास तोंडापर्यंत जात नव्हता. नजर त्याच्या बोटांवर होती.

"कसो लागता रे?" तिने हळूच विचारलं.

"बरो आसा."

"बरो म्हणजे? नीट सांग."

दशरथने डोळे पुसले आणि सांगायला लागला. कुरकुरीत आहे, आक्का. वरून रवा लावलाय. आतून पांढरा, गोड, अगदी ताजा. आणि आक्का, भाताचा घास तोंडात धरून, ऐकत राहिली.