मावशीच्या वर्गातलं एक वाक्य

रविवारी मटणाचं जेवण झालं की मला झोप पायांकडून येते. आधी पाय जातात, मग पोट, डोकं मात्र जागंच. पंखा गरगरतोय, शेजारच्या काकूंचा कुकर शिट्ट्या देतोय, आणि मी मनात म्हणतेय, अहो काकू, आता बंद करा ना, भाताचं पिठलं होईल. पुढची शिट्टी होते, पण ती कुकरची नसते. कंडक्टरची असते.

मी गडहिंग्लजच्या स्टँडवर उभी आहे. फलाटावर वर्गातले बाक ओळीने मांडलेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा मोठी मुलंमुली वह्या उघडून बसलीत. वेळापत्रक टांगतात तिथे फळा आहे. फळ्यासमोर विशाखामावशी.

विशाखामावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती डी.एड. कॉलेजात लेखन शिकवायची. उद्या जे मास्तर होऊन पोरांकडून निबंध लिहून घेणार, त्यांना आधी स्वतः लिहायला लावायची. दिवाळीनंतर गेली, किडनीचं दुखणं होतं. हे मला स्वप्नातसुद्धा पक्कं माहीत आहे. पण मी घाबरत नाही. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आल्यापासून मी कुण्णालाच घाबरत नाही.

"या, वक्त्याबाई," मावशी म्हणते. "शोकसभेतलं भाषण ऐकलं हं तुमचं. वटवृक्ष कोसळला म्हणे! अगं, फळ्याच्या वरच्या ओळीला माझा हात पुरत नव्हता, वटवृक्ष कसली?"

"टाळ्या पडल्या होत्या," मी म्हणते.

"शोकसभेत?"

"...दोन-तीनच."

मावशी पोट धरून हसते. किती दिवसांनी! मी तिचा पदर पकडते. "चल ना घरी. आईने तुझा रस्सा काढून ठेवलाय."

"येते की. पण हा तास संपू दे. यांच्यातल्या एकाने स्वतःचं एक वाक्य लिहिलं, की मी तुझ्याबरोबर. नाही लिहिलं, तर ती गाडी."

गाडी लागलेलीच आहे. पाटीवर गावाचं नाव नाही, 'समारोप' लिहिलंय. पाठाच्या टाचणात सगळ्यात शेवटी असतो ना, तो.

एक वाक्य? एवढंच? मी मावशीच्या हातातून खडू काढूनच घेते.

"मित्रहो!"

"मित्रहो नको," मावशी मागून म्हणते.

"बरं. सकाळी काय खाल्लं ते लिहा. एकच वाक्य!"

पहिल्या बाकावरची अनुसया लगेच वही वर करते. 'मी सकाळी सकस व संतुलित आहार घेतला.'

"म्हणजे काय खाल्लं?"

"पोहे, मॅडम."

"मग पोहे लिहा की!"

"पोहे लिहिले की मार्क कापतात, मॅडम."

तिच्या शेजारच्या दयानंदने लिहिलंय, 'माझी आई त्यागाची मूर्ती आहे.' मी त्याच्यासमोर जाऊन बसते. "आई काय करते तुझी?"

"सूतगिरणीत जाते."

"आणि घरी आल्यावर?"

"पाय पाण्यात घालून बसते. कुणाशी बोलत नाही. माझ्याशीपण."

"हेच! हेच लिही, जसंच्या तसं!"

तो मान खाली घालतो. बराच वेळ लिहितो. मला नाचावंसं वाटतंय. मी वाकून बघते. 'माझी आई थकून येते, तरी तिच्या चेहऱ्यावर सदैव हास्य असते.'

मी मान वर करते तर बाकांमधून नळ्या गेल्यात. हा डायलिसिसचा वॉर्ड आहे. मावशी पलंगावर, एक हात मशीनला जोडलेला, मोकळ्या हाताने वह्या तपासतेय. खरोखर तपासायची ती तशी, सिस्टर ओरडायच्या.

"दरवर्षी असंच व्हायचं?" मी विचारते.

"असंच. पोरं वाईट नाहीत गं. शाळेने त्यांना चांगलं पुसून माझ्याकडे पाठवलेलं असतं. मी त्यांना परत शाळेतच पाठवते. तिथे पुढची पोरं बसलेली असतातच, पुसून घ्यायला."

"एकदापण कुणी लिहिलं नाही?"

"एकदा वाटलं होतं. मग कळलं, ते वाक्य गाईडातलं होतं."

ड्रायव्हर हॉर्न देतो. वॉर्डच्या खिडकीत गाडीचं तोंड येऊन थांबलंय.

मग मला सुचतं. कसं लिहायचं हे यांना कुणी दाखवलंच नसेल! मी फळ्याकडे धावते आणि विचार न करता, झपाटल्यासारखं, मोठ्या अक्षरांत लिहिते.

'मावशी मेली तेव्हा मी स्टँडसमोर पाणीपुरी खात होते आणि जास्त तिखट मागितलं होतं.'

खडू थांबतो. माझे कान गरम होतात. मावशी उठून जवळ येते, चष्मा वर करून वाचते, पुन्हा वाचते.

"मेली," ती म्हणते. "कुणीच म्हणालं नव्हतं. सगळे आपले गेली, गेली."

"चुकलं का गं?"

"नाही राणी. बरोबर आहे."

मागे पेनांचा आवाज सुरू होतो. एक, मग सगळीच. सगळ्यांच्या माना खाली! "मावशी, लिहितायत! बघ ना, लिहितायत!" मी अनुसयाच्या वहीत डोकावते. मग दयानंदच्या. मग मागच्या बाकांवर, पार शेवटपर्यंत पळत जाते. सगळ्या वह्यांत वळणदार अक्षरात एकच ओळ. मावशी मेली तेव्हा मी स्टँडसमोर पाणीपुरी खात होते.

अनुसया हात वर करते. "मॅडम, परीक्षेला हेच येणार का? आणि तिखट वगळलं तर चालेल?"

मावशी रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पर्स खांद्याला लावते.

"माझं धर ना!" मी ओरडते. "मी लिहिलं ना स्वतःचं! एक झालं ना!"

"तू या वर्गात नाहीस, बाळा."

"मग नाव घाल माझं!"

खडूने भरलेल्या हाताने ती माझं मनगट धरते. घट्ट. हात गार आहे. मी म्हणते, सोडू नको. ती सोडत नाही, पण गाडी निघते, आणि तिचा हात माझ्या मनगटावर असतानाच ती पायरीवर असते, आणि गाडी वळणाच्या पुढे असते.

"ऊठ गं, चहा निवतोय. किती घोरतेस!" आई.

मी उठून बसते. मानेखाली उशी ओली आहे. आई कप पुढे करते आणि तसाच धरून राहते. "हाताला काय लावलंयस?"

माझ्या मनगटावर पांढरी बोटं उमटलीत. आमच्या भिंतींना ऑइलपेंट आहे, घरात खडूचा तुकडासुद्धा नाही. आई कप खाली ठेवते. माझा हात मांडीवर घेते आणि आपली बोटं हळूच त्या खुणांवर ठेवून बघते. आईची बोटं मोठी आहेत, बाहेर येतात.

"ताईचा हात केवढासा होता," ती म्हणते.

पंखा बंद आहे, लाइट गेलीय. आम्ही दोघी हलत नाही. तरी घामाने करंगळीची खूण पुसली गेलीच.