शलाकाला मी सांगितलं नाही

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

एमएस्सीला शलाका आणि मी ठाण्यात एकाच वर्गात होतो. मी डोंबिवलीची, ती जवळच्याच दिव्याची. तिच्याकडे पाणी आलं नाही की ती आमच्याकडे केस धुवायला यायची. इतकं आमचं होतं. आणि तरी रोहितचं मी तिला बोलले नव्हते. वर्गातलाच तो, आमचं चोरून चाललेलं. काळजी घ्यायचो? कधीतरी. मेडिकलमध्ये निरोध मागायची त्याला लाज, आणि हट्ट धरला तर तो जाईल ही मला भीती. तो तसाही गेलाच. थोड्याच दिवसांत शलाका लाजत सांगते — अगं, रोहितने मला विचारलं.

छान, म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

त्याच सुमारास मला लघवीला जळजळ सुरू झाली. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून शहाडला गेले, एका डॉक्टरबाईंकडे. संबंधातून आलेलं इन्फेक्शन, गोळ्यांनी बरं होईल, म्हणाल्या. मग हळूच, "त्या मुलालाही सांग हं. त्याला काही त्रास होत नसेल, तरी तो पुढे देत राहील. औषध वेळेत मिळालं नाही तर मुलींच्या गर्भनलिका खराब होतात, बाळा."

मी मान हलवली. बरी झाले. आणि सांगितलं नाही — ना त्याला, ना तिला.

लाज वाटली म्हणून? बरीच वर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं. पण लाजेने माणूस नुसतं गप्प बसतं ना? मी गप्प बसले नाही. एक दिवस कॅन्टीनमध्ये शलाका ओटीपोट दाबून बसलेली. "खूप दुखतंय गं, तापही आहे. येतेस डॉक्टरकडे?" तिच्या अंगात रोहितचं जॅकेट. माझ्याबरोबर असला की तो रस्त्यात मुद्दाम मागे राहायचा — आणि हिला सगळ्यांदेखत जॅकेट!

"पाळीचं असेल," मी म्हटलं. "ओवा खा आणि झोप."

मला कळलेलं. तिने सांगितलं त्याच क्षणी कळलेलं. आणि मनात काय आलं सांगू? होऊ दे. हिलाही होऊ दे.

पुढच्या आठवड्यात तिला ॲडमिट केलं. आत पू झालेला, एक नलिका काढावी लागली. रोहित बाहेर बाकावर रडत होता, तिच्या आईसमोर — आणि मी तेव्हासुद्धा जळत होते. माझ्यासाठी कधी रडला होता तो? संबंधातून आलेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि शलाकाला वाटलं, त्याने दुसरीकडे जाऊन तिला फसवलं. त्यांचं तुटलं. मला बरं वाटलं.

आता ती कल्याणला असते. लग्न झालंय, मूल राहत नाही. दवाखान्यात जाताना मलाच बोलावते. नवऱ्याला सांगते, "तेव्हा ही होती म्हणून मी निभावले." मी हसते.

त्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं तर? नेलं नाही. जळत होते, म्हणून नेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा नाहीच राहिलं. दवाखान्यातून ती माझ्या घरी आली, माझ्या लेकीला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. लेक चुळबुळ करत होती. मी तिला घ्यायला हात पुढे केला नाही.