भोजलीचं शेत

माझ्या आईला एक मैत्रीण होती आणि तिचं नाव आम्ही आईच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. आमच्या छत्तीसगढमध्ये श्रावणात बायका टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, त्यांना भोजली म्हणतात. तळ्यात विसर्जन झालं की दोघी जणी ते अंकुर एकमेकींच्या कानामागे खोचतात. त्यानंतर नावानं हाक मारायची नाही, फक्त 'भोजली' म्हणायचं. आई रायपूरजवळच्या एका गावात शाळेत शिकवायची, तिथली ही शेतकरीण. आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती छत्तीसगढीत उत्तर द्यायची. दोघींचं कधी अडलं नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो.

दर हिवाळ्यात ती रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी नवा तांदूळ घेऊन यायची. भाताचा वास जिन्यापर्यंत जायचा.

मग तिच्या गावाला लागून चुनखडीची खाण सुरू झाली. खाण विहिरींपेक्षा खोल गेली. तिकडे पंपानं रात्रंदिवस पाणी उपसायचे आणि इकडे मावशीची विहीर दिवाळीआधीच कोरडी पडायची. उभ्या धानावर पांढरी धूळ बसायची. एका हिवाळ्यात ती रिकाम्या हातानं आली आणि दारातच थांबली.

"काहून उभी आहेस? आत ये ना," आई म्हणाली.

मावशी आत आली, पण त्या दिवशी आमच्याकडे जेवली नाही.

शेजारच्यांनी जमिनी देऊन टाकल्या. मावशी अडून राहिली. पण चारही बाजूंनी कुंपण आलं, शेतावर जायला वाटच उरली नाही, तेव्हा तिनंही अंगठा दिला. मुलाबरोबर रायपूरमध्येच गुढियारीत एका खोलीत राहायला आली. मुलगा मालधक्क्यावर पोती उचलायचा. ती दिवसभर खाटेवर बसून असायची. "काम नइ हे, त भूख घलो नइ लागय," म्हणायची. काम नाही, तर भूकही लागत नाही.

एकदा तिनं आईजवळ शेत बघायचा हट्ट धरला. आईचे गुडघे गेले होते. मला म्हणाली, "तूच नेऊन आण तिले. मले नाही जमत आता."

मी गाडीनं घेऊन गेले. फाटकावर गार्डच्या वर्दीत जो माणूस उभा होता, तो मावशीचा धाकटा दीर निघाला. याच शेतात दोघांनी मिळून रोपणी केली होती. तो आमच्याकडे बघेना.

"भौजी, भीतर झन जा," तो खालच्या आवाजात म्हणाला. आत जाऊ नकोस, आता सुरुंग उडवणार आहेत.

मला वाटलं, ती रागावेल, रडेल. तिनं त्याच्या डोक्यावरच्या हेल्मेटकडे पाहिलं आणि विचारलं, "भात खाय हस?" जेवलास का?

"हव," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

तेवढ्यात भोंगा वाजला. पायाखालची जमीन हादरली. जिथं तिचं शेत होतं तिथून धुळीचा लोट वर गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती बघत राहिली, मग स्वतःच गाडीत जाऊन बसली.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. कुठलं दुखणं ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. गावचं मसणही खाणीच्या कुंपणात गेलेलं, म्हणून रायपूरलाच जाळली. दीर ड्यूटीवरून वर्दीतच आला, तोवर चिता पेटली होती. मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, "दीदी, उस दिन भौजी मेरे लिए कुछ बोली थी क्या? गुस्सा थी?"

मी त्याला खरं तेच सांगितलं. परतताना तिनं एवढंच विचारलं होतं की, त्याला दुपारी उभं राहायला तिथं सावली तरी आहे का.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तोंडावर हात दाबून रडला. थोड्या वेळानं उठला. त्याला ड्यूटीवर परत जायचं होतं.