बरनमधलं उघडं फाटक

“तू मागे बस. पडलीस तर मला बघवणार नाही.”

मी नऊ वर्षांची असताना बाबा हे म्हणाले होते. जतला, आमच्या घरासमोर. दादाला नुकतीच सायकल यायला लागली होती आणि आता माझा नंबर, असं मी धरून चालले होते. बाबा वीज मंडळात होते, मीटर वाचायला गावोगाव सायकलवरून फिरायचे. सुट्टीच्या दिवशी मला कॅरिअरवर बसवून माळावर न्यायचे. त्यामुळे माळ मी पुष्कळ पाहिला, पण बाबांच्या पाठीच्या डावीकडचा आणि उजवीकडचा. समोरचा कधीच नाही.

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. मायेने म्हटलेल्या वाक्याशी भांडायचं कसं, हे मला फार उशिरा कळलं. सायकल मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले, आयर्लंडमधल्या गॉलवेत, सॉल्टहिलच्या समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये, माझ्या लेकीच्या वयाची पोरं हसत असताना. माझा नवरा श्रीकांत इथे मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर मी आले. गेल्या उन्हाळ्यात मी पडले, मनगटात ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली, आणि तेव्हापासून श्रीचं एकच: “सायकल देऊन टाकू या कुणाला तरी. चालत जा ना, चालणं पण व्यायामच आहे.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या लाँग वीकेंडच्या आधी मी जेवताना जाहीर केलं, “मी बरनच्या डोंगरांत सायकलने पूर्ण फेरी, लूप, करणार आहे. एकटी.”

श्रीने चमचा खाली ठेवला. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: त्याने आणि आमच्या लेकीने, इराने, गाडीने यायचं, पण मला मध्ये फक्त एकदा, जेवायला भेटायचं. मी पूर्ण लूप केला तर सायकल घरात राहील. “गाडी घेऊन ये” असा फोन केला, तर सायकल जाईल.

तेरा वर्षांची इरा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्लिशमध्ये देते. “यू’ल बी ग्रँड, आई,” ती म्हणाली आणि फ्रिजकडे गेली. त्या घरात माझ्यावर एवढा विश्वास फक्त तिचाच होता, आणि तोही अर्धा कंटाळ्यातून आलेला.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: गॉलवेहून किन्व्हारामार्गे बॅलीव्हॉन तासाभरावर आहे. रस्ता अरुंद, पण चांगला. बस आहेत, पण सायकल घेतील का हे ड्रायव्हरच्या मर्जीवर. माउंटन बाइक भाड्याने घ्यायची तर गॉलवेहूनच घ्या, दिवसाचे साधारण पंधरा-वीस युरो पडतात. बॅलीव्हॉनहून आतल्या दरीतून फॅनोरच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत डांबरी रस्ता, मग डोंगराच्या अंगावरून जाणारी जुनी गवताळ गाडीवाट, आणि ब्लॅक हेड या समुद्रात घुसलेल्या टोकाला वळसा घालून परत. सरावलेल्यांसाठी हा सोपा लूप आहे. प्यायचं पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. वाऱ्याचा अंदाज बघून जा असं मी म्हटलं असतं, पण इथे वारा अंदाज वाचत नाही.

बरनला लोक दगडाचं वाळवंट म्हणतात. पाऊस भरपूर, पण पाणी चुनखडीच्या भेगांतून खाली निघून जातं आणि वर उरतो राखाडी कातळ, त्याच्या फटींत अंग चोरून बसलेली खुरटी झुडपं आणि वाऱ्याने एकाच बाजूला वाकवलेली काटेरी झाडं. आयर्लंड हिरवं आहे हे सांगणाऱ्या कॅलेंडरवाल्यांनी इथे येऊन बघावं. मला पहिल्या वळणावरच जतचा माळ आठवला. तिथे तरवड, घायपात आणि कुसळं; इथे खुरटं हेझल आणि गंजलेल्या रंगाचं नेचं. तिथे ऊन, इथे वारा. पण दूरवर काहीच आडवं येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी. आणि या वेळी समोर कुणाची पाठ नव्हती.

दरीतल्या चढावर मी दोनदा उतरून सायकल ढकलली. त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. हा इथला नमस्कार. मीही एक बोट उचललं आणि जवळजवळ कुंपणात गेले.

फॅनोरला श्री आणि इरा वाळूच्या टेकडीआड गाडीत बसले होते. थर्मासमधला चहा, मेथीचे ठेपले आणि दुकानातून आणलेलं गरम सूप. श्रीने माझं मनगट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

“दुखतंय?”

“नाही.”

“खरं सांग.”

“थोडं. पण तेवढ्यासाठी फोन करणार नाही.”

“मी काही बोललो का?”

“तुझा चेहरा बोलतोय, श्री.”

तो हसला, पण ब्लॅक हेडच्या वाटेकडे बघून. दुखत होतं, थोडं नाही, बरंच. ठेपल्याचा तुकडाही मी डाव्या हाताने मोडला होता.

फॅनोरनंतर वाट चढत डोंगराच्या कुशीत जाते. दोन्हीकडे कोरड्या दगडांच्या भिंती, मध्ये गवत आणि गोटे. डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांचा कातळ. चाकाखाली काहीतरी चिरडलं की ओव्यासारखा वास यायचा. मी थांबून पानं चुरडून पाहिली. जमिनीला चिकटलेला रानटी थाइम होता. या वासासाठी तरी इथे या.

अशाच एका ठिकाणी लोखंडी फाटक लागलं. सताड उघडं. मी पलीकडे गेले, सायकल भिंतीला टेकवली, परत आले आणि फाटक नीट लावून कडी घातली. विचार करायची गरजच वाटली नाही. जतच्या घराच्या फाटकावर बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती, ‘फाटक लावून घ्यावे’. शेळ्या आत शिरून जास्वंद खायच्या. उघडं फाटक दिसलं की लावायचं, हे मला चालायच्याही आधी शिकवलं असावं. मी समाधानाने पुढे निघाले.

बरंच पुढे गेल्यावर मागून हाका ऐकू आल्या. साठीची एक बाई, पायात रबरी बूट, हातात काठी, बरोबर काळा-पांढरा कुत्रा.

“फाटक तू लावलंस?” तिने इंग्लिशमध्ये विचारलं. आवाज असा, की नाही म्हणायची सोय नव्हती.

“हो. उघडं राहिलं होतं.”

“राहिलं नव्हतं. मी ठेवलं होतं.”

तिचं नाव नोरा. ती आणि तिचा भाऊ गायी वर न्यायला निघाले होते. बाकी सगळीकडे हिवाळ्यात जनावरं डोंगरावरून खाली आणतात. बरनमध्ये उलटं. उन्हाळाभर तापलेला दगड ऊब धरून ठेवतो, वरची जमीन कोरडी राहते, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर गायी वर चढतात. नोराने पहाटेच सगळी फाटकं उघडून ठेवली होती. गायी माझ्या बंद फाटकाशी येऊन अडल्या, मागच्या पुढच्यांवर चढल्या, आणि अर्ध्या वळून खाली निघून गेल्या.

“तू इंडियाची ना?” नोरा म्हणाली.

“हो.”

“तुमच्याकडे गाय म्हणजे देव ना? मग देवाच्या तोंडावर दार लावलंस होय?”

मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीने गायी वर येत नाहीत. चल.

मी सायकल वळवली आणि जेवढं पुढे आले होते तेवढं सगळं परत मागे. फाटकाशी आलो तेव्हा खालून तिच्या भावाच्या आरोळ्या येत होत्या. फाटकाच्या पलीकडे, गायी येणार त्या बाजूला, भिंत पडून एक खिंडार झालं होतं. तिथून जनावरं उतारावर घुसली तर संध्याकाळपर्यंत सापडणार नाहीत, असं ती म्हणाली. तिने फाटक सताड उघडलं आणि मला खिंडारात उभं केलं.

“सायकल आडवी धर. हात पसर. काहीही झालं तरी हलायचं नाही.”

“मला गायींची सवय नाही.”

“पळता येतं?”

“नाही, फारसं नाही.”

“झकास. पळणारी मला नकोच आहे.”

आणि ती खाली गेली. मी उभी राहिले. सायकल पोटाशी, दोन्ही हात पसरलेले, उजवं मनगट ठणकत होतं. मग त्या आल्या. वळणावरून आधी वाफ दिसली, मग कपाळं. मी कल्पनेत गाय जेवढी ठेवली होती त्याच्या दीडपट एकेक. सगळ्यांत पुढची तांबडी, कपाळावर पांढरा डाग. ती माझ्यासमोर थांबली. तिच्या मागच्या सगळ्या थांबल्या. ती माझ्याकडे, मग माझ्या मागच्या मोकळ्या उताराकडे बघू लागली.

त्याच वेळी खिशात फोन वाजला.

श्रीच असणार, मला ठाऊक होतं. उशीर झाला होता. हात खाली घ्यायचा, खिशात घालायचा, “ये” म्हणायचं. एवढंच. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तो यायला हवा होता. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. तांबडी एक पाऊल पुढे आली, तिचा श्वास माझ्या तोंडावर आला.

“नाही,” मी तिला मराठीत म्हटलं. “इकडून नाही. वर जा.”

माझा आवाज मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी तो लागत नाही. तांबडीने मान फिरवली आणि फाटकातून वर चालू लागली, सासरी निघालेल्या मुलीसारखी अजिबात नाही, स्वतःच्या घरी निघाल्यासारखी. मागून बाकीच्या. शेवटची गेल्यावर माझे हात खाली यायलाच तयार नव्हते.

नोरा वर आली. शाबासकी वगैरे काही नाही. “फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं,” ती म्हणाली. “उघडं तर उघडं.” मग चार पावलं जाऊन वळून, “आणि त्या हाताला काहीतरी बांध.”

माझा मफलर मनगटाला घट्ट गुंडाळून मी उरलेली वाट केली. ब्लॅक हेडला वाऱ्याने तीनदा उतरवलं. गॉलवेचा उपसागर पलीकडे शिशासारखा पसरला होता. बॅलीव्हॉनच्या धक्क्यावर पोहोचले तेव्हा दिवे लागत होते. श्री गाडीबाहेर उभा होता.

“फोन का नाही उचललास?”

“हात रिकामे नव्हते.”

“म्हणजे काय? मी किनाऱ्याच्या रस्त्यावर खेपा घालतोय…” त्याचा आवाज फाटला. इरा काच खाली करून म्हणाली, “आई, ही वॉज इन बिट्स.” खरंच, तो पार कोलमडला होता. मी त्याला जवळ घेतलं, घामाच्या आणि शेणाच्या वासासकट. पण सॉरी म्हटलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. त्याने सायकल गाडीच्या मागच्या रॅकवर चढवली, आणि पट्टा दोनदा ओढून बघितला.

ती आता आमच्या जिन्याखाली आहे. चाकाच्या नक्षीत बरनची माती अजून तशीच आहे. मनगट आठवडाभर सुजलं होतं, हे लपवत नाही. पुन्हा पडेन, हेही लपवत नाही. ज्यांना माझ्यावर माया आहे त्यांना ते बघावं लागेल, किंवा तेवढा वेळ दुसरीकडे बघावं लागेल. त्यांच्या डोळ्यांसाठी मी आता मागे बसणार नाही.

दादा हा ब्लॉग बाबांना मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून शेवटचं त्यांच्यासाठी. बाबा, तुमची काळी सायकल अजून पडवीत आहे. दर खंडेनवमीला तुम्ही ती पुसता, तेल देता, झेंडूचा हार घालता, आणि दादालासुद्धा हात लावू देत नाही. पुढच्या वर्षी मी दसऱ्याला जतला येते आहे. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे, तरीही मागते. पूजा झाली की हार काढून ती मला द्या. मी माळावर एकटी जाणार आहे, आणि तुम्ही दादाला माझ्या मागे पाठवायचं नाही.