रहेमानभाईंनी घर घेतलं नाही त्याची गोष्ट

पुसदच्या बसस्टँडमागच्या गल्लीत रहेमानभाई गादीवाले पंचवीसेक वर्षं किरायानं राहत होते, आणि त्यांची बायको जैबुनबी तेवढीच वर्षं स्वतःच्या घरासाठी झुरत होती. नवरा पुढच्या टिनाच्या शेडमध्ये रुई पिंजायचा आणि ही मागं मनातल्या मनात मांडे खायची. भिंतीत साधा खिळा ठोकायचा तरी मालकिणीला विचारावं लागतं, हे तिचं कायमचं दुखणं. मालकीण काही वाईट नव्हती, पण विचारावं लागायचं ना!

मालकीण म्हणजे रत्नप्रभाबाई. त्यांचे यजमान नंदकिशोरबाबू तहसीलीत कारकून होते. ते गेल्यापासून बाई त्याच घराच्या मागच्या तीन खोल्यांत एकट्याच राहायच्या. शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या, गल्लीतून नाही. कुणाचं पोर शाळा बुडवून हिंडताना दिसलं की कान धरून थेट त्याच्या आईसमोर नेऊन उभं करायच्या, मग ते पोर वकिलाचं असो की पिंजाऱ्याचं. रहेमानभाईंचा जीशान याच धाकानं शिकला आणि नागपूरला वर्कशॉपात लागला.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव असा कोसळलेला, की कुणी कुणी बैलबंडीतला कापूस सरकी काढून थेट रहेमानभाईंकडे आणायचे आणि म्हणायचे, विकून काय भेटते, गाद्या तरी भरून द्या. बाजारात पैसा फिरेनासा झाला होता. लेआउटमधल्या प्लॉटांवर रोवलेले दगड तेवढे उभे होते. अशा दिवसांत पुसदला घर विकायला काढणं म्हणजे भर उन्हाळ्यात घोंगड्या विकायला बसणं. आणि तिकडे पुण्यात घरांचे भाव चढता थांबत नव्हते.

त्या पुण्यात बाईंचा मुलगा चारुदत्त होता, तोही किरायानंच. दर अकरा महिन्यांनी करार संपला की मालक एकतर किराया वाढवायचा, नाहीतर बिऱ्हाड उचलायला लावायचा. त्याच्या मुलीची, प्राचीची, शाळा दोनदा बदलून झाली. शेवटी त्यानं ठरवलं, पुसदचं घर विकायचं, पुण्यात फ्लॅट घ्यायचा आणि आईला तिकडे न्यायचं. त्यात त्याचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. बाईंनीही लगेच होकार दिला. पोरानं मागावं आणि आईनं नाही म्हणावं, असं आपल्याकडे होतं तरी कुठं? गिऱ्हाईक मात्र साऱ्या गावात एकच होतं, आणि ते त्याच घरात राहत होतं.

जैबुनबीला आकाश ठेंगणं झालं. जीशाननं हातभार लावायचं कबूल केलं, तिनं स्वतःच्या बांगड्या काढून ठेवल्या. शुक्रवारच्या नमाजानंतर इसाराची रक्कम द्यायचं ठरलं. कुठल्या भिंतीत खिडकी पाडायची तेही तिनं ठरवून टाकलं.

दोन दिवस आधी रत्नप्रभाबाई आपली जुनी, जाडजूड गादी शेडमध्ये घेऊन आल्या. ती उसवून, रुई पिंजून, नवी भरून हवी होती. रहेमानभाईंची रीत अशी, की माप विचारायच्या आधी ते विचारायचे, गादीवर कोण निजणार आणि ती कुठं टाकणार. पलंगाची गादी वेगळी, जमिनीवरची वेगळी, बाळंतिणीची वेगळी. त्यांनी सवयीनं विचारलं.

"माझ्यासाठीच," बाई म्हणाल्या. "अडीच फूट रुंद करा, आणि पातळ. सकाळी गुंडाळून कपाटामागे ठेवता आली पाहिजे."

खोलीत पलंग नाही का, असं रहेमानभाईंनी विचारलं.

"पुण्याच्या फ्लॅटात खोल्या दोनच आहेत हो. एक त्या दोघांची, एक प्राचीची. मी हॉलमध्ये टाकीन. सगळे निजले की पसरायची, उठायच्या आत उचलायची."

बाई हे हसत हसत बोलल्या आणि गेल्या. रहेमानभाई उसवायला बसले, पण हात चालेना. असल्या गाद्या त्यांनी खूप भरल्या होत्या, पण त्या पाहुण्यांसाठी. ज्या बाईच्या दटावणीनं अख्खी गल्ली सरळ चालायची, ती आता सगळे निजायची वाट पाहत बसणार. त्यांना फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकलं, घर घ्यायचं नाही. जैबुनबीला वाटलं, नवरा भाव पाडतोय. चारुदत्तालाही तेच वाटलं. त्यानं फोनवर किंमत उतरवली, आठवड्यानं आणखी उतरवली. गल्लीत बोलबाला झाला की गादीवाला मुरलेला निघाला. नवऱ्याच्या हुशारीवर खूश होऊन जैबुनबीनं एके दिवशी खिमाही केला. खोटं कशाला बोला, त्या पडलेल्या किमतीला रहेमानभाईंचंही मन एकदा डगमगलं. बाई तर जाणारच आहेत, मग आपणच का नाही, असंही वाटून गेलं. पण शेडमध्ये बाईंच्या गादीची ती अरुंद खोळ शिवून पडली होती आणि तिच्यात रुई भरायला हात धजत नव्हता.

शेवटी चारुदत्त स्वतः आला. घेत नसाल तर जागा तरी सोडा चाचा, म्हणाला, मी दुसरं गिऱ्हाईक पाहतो.

"मी घेतबी नाही, आन् सोडतबी नाही."

"म्हणजे कब्जा करता?"

हा शब्द रहेमानभाईंच्या जिव्हारी लागला. त्यांनी ती खोळ आणून चारुदत्तासमोर जमिनीवर पसरली आणि आईनं सांगितलेलं माप, जसंच्या तसं, त्याला सांगितलं. मग म्हणाले, "किरायानं राह्यनं मले जमते. तुलेबी जमून राह्यलं, तू तरणा हायेस. मालकानं निघ म्हटलं तं आपून दुसरं घर पाहतो. तुह्या मायले या वयात नाही जमनार, बाप्पा. तेबी पोराच्या घरात."

चारुदत्त खोळीकडे पाहत राहिला. आई हॉलमध्ये झोपेल, हे त्याला माहीत होतं. ती दिवसभर कुठं बसेल, हे त्यानं कधी मनाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला आणि पुण्यात आणखी अकरा महिन्यांचा करार करून मोकळा झाला. आईला एवढंच म्हणाला, चाचा ऐकत नाहीत. बाईंनी मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात रहेमानभाईंना झापलं, की आजकालचे किरायदार फार शेफारलेत. ते खाली मान घालून ऐकत राहिले. घर विकायचं ठरल्यापासून बाईंचा आवाज पहिल्यांदाच असा खणखणीत लागला होता.

जैबुनबीला खरं कारण कळलं, तशी तिनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. बांगड्या पुन्हा हातात चढवल्या, पण तोंड काही उघडेना. ते कारण बाईंपर्यंतही पोचलंच. एका दुपारी त्या आपणहून पुढच्या घरात आल्या. जैबुनबी तांदूळ निवडत होती. बाई दारातच उभ्या राहिल्या.

"जैबुन, तुझं घर माझ्यापायी गेलं."

जैबुनबीनं वर पाहिलं नाही. "हाव," ती म्हणाली. "तुमच्यापायीच गेलं."

 बाई परत फिरणार, तेवढ्यात जैबुनबी म्हणाली, "आता जगा मंग चांगल्या. तुमी हाये तोपर्यंत आमी किरायदार. तुमच्या माघारी घेऊ. आमाले काई घाई नाही."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं. जैबुनबीनं सूप बाजूला सारलं आणि त्यांना बसायला जागा केली.